एकाच तापाची तीन दप्तरं: सर्वांना आरोग्यसेवा, साथीपासून बचाव आणि आरोग्यसंवर्धन याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत मी वीसेक वर्षं नागरी आरोग्य केंद्रात सिस्टर होते. आता निवृत्त आहे, ऐरोलीत राहते. सोसायटीच्या सभा, महिला मंडळं, गणपतीच्या मंडपातली शिबिरं अशा ठिकाणी अजून बोलायला बोलावतात. तिथे जे विचारलं जातं तेच इथे उतरवून काढलंय. काही प्रश्न मी जरा सौम्य केलेत, मूळचे बरेच तिखट होते.

सर्वांसाठी आरोग्यसेवा, आरोग्य सुरक्षा, आरोग्यसंवर्धन. तीन वेगळे शब्द कशाला?

सरकारी कागदात ती तीन वेगळी कामं आहेत म्हणून. पहिल्याचा अर्थ असा, की आजारी माणसाला, खिशात पैसे असोत वा नसोत, गरजेची सेवा मिळावी आणि तिच्यापायी घर कर्जात जाऊ नये. दुसऱ्यात साथ, पूर, उष्णतेची लाट असली संकटं वेळेवर ओळखणं आणि थोपवणं येतं. तिसऱ्यात माणूस मुळात कमी आजारी पडेल असं पाणी, घर, रस्ता, खाणं आणि सवयी.

कागदावर तीन विभाग, तीन निधी, तीन बैठका. वस्तीत उतरलं की एकच आशाताई. तिच्या एकाच पिशवीत लसीकरणाची यादी, ओआरएसची पाकिटं आणि तिशीपुढच्या माणसांच्या तपासणीचे फॉर्म असतात. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तू आत्ता कुठल्या दप्तराचं काम करतेयस.

पण या तिघांचा एकमेकांशी संबंध काय? उदाहरण देऊन सांगाल का?

दिघ्यातलं सांगते. ऑगस्ट महिना होता, घरोघरी तापाची पाहणी चाललेली. एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत पाच मुलं भाड्याने राहत होती, सगळी रबाळ्याच्या कारखान्यांत कंत्राटी. लोखंडी शिडीने वर गेलो तर वीस-बावीस वर्षांचा एक जण भर दुपारी गोधडी घेऊन पडलेला. तापाचा चौथा दिवस. “दवाखान्यात का नाही गेलास रे?” तर म्हणाला, “खाडा पडला तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो, सिस्टर. मेडिकलवाल्याने गोळी दिलीय.” गोळीने ताप उतरला की हा कामावर, चढला की गोधडीत.

खाली उतरताना शिडीच्या आडोशाला निळा ड्रम दिसला. झाकण होतं, पण त्याला भोक पाडून नळाचा पाइप आत सोडलेला. टॉर्च मारला तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. घरमालकीण म्हणाली, “ओतू कसं? पाणी उद्या सकाळी येणार.” तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मुलाचा रिपोर्ट डेंगूचा आला. गल्ली पालथी घातली तेव्हा आणखी सहा जण तापाचे सापडले आणि त्यातल्या एकाचीही कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. का? कारण कुणी डॉक्टरकडे गेलंच नव्हतं. जो दवाखान्यात येत नाही तो साथीच्या आकड्यात येत नाही. आपल्याकडे साथ उशिरा कळते त्याचं निम्मं कारण इथे आहे. प्रयोगशाळा कितीही आधुनिक आणा, तिच्यापर्यंत रक्ताचा थेंब पोचायला आधी त्या मुलाला अर्धा दिवस रजा आणि जवळ फुकट डॉक्टर हवा. आणि ड्रम? चोवीस तास पाणी असतं तर तो ड्रमच तिथे नसता.

आता सांगा, हा ताप कुठल्या विभागाचा?

ही कल्पना आली कुठून? कोविडनंतरची आहे का?

नाही, बरीच जुनी आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला नेमलेल्या भोर समितीने आपल्याकडे १९४६ सालीच लिहून ठेवलंय, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि उपचार व प्रतिबंध एकाच यंत्रणेने करावेत. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला. १९८६ ला कॅनडातल्या ओटावा शहरात आरोग्यसंवर्धनाची सनद झाली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ साली नव्याने लिहिले गेले आणि २००७ पासून लागू झाले. गंभीर साथीची शंका पक्की ठरली की देशाने जागतिक आरोग्य संघटनेला २४ तासांत कळवायचं, हे त्यातलं कलम.

तिन्ही धागे एका दोरीत वळायचा ठळक प्रयत्न म्हणजे संघटनेचं २०१८ नंतरचं ‘तीन अब्ज’ उद्दिष्ट: आणखी एक अब्ज लोकांना आरोग्यसेवेचं कवच, एक अब्ज लोकांना आणीबाणीपासून चांगलं संरक्षण आणि एक अब्ज लोकांचं आरोग्य अधिक चांगलं. आकडे गोलमटोल आहेत, मान्य. पण तिन्ही एका वाक्यात आले हे महत्त्वाचं.

आणि अगदी मागे जायचं तर १८९६ चा प्लेग आठवा. मुंबईत तो आल्यावर १८९७ चा साथरोग कायदा झाला, तोच आपण कोविडमध्ये वापरला. त्या काळात घरं उघडी केली, माणसं ओढून नेली, आणि लोक आजारी माणूस लपवायला लागले. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. साथ थोपवायला धाक लागतो की विश्वास, हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे. माझा अनुभव विश्वासाच्या बाजूचा.

आयुष्मानचं कार्ड काढलंय. मग सर्वांसाठी आरोग्यसेवा आमच्या घरी आली ना?

निम्मी आली. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजेच तुमचं आयुष्मान, सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. महाराष्ट्रात त्याआधीच २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना होती, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. जुलै २०२४ पासून राज्यातली सगळीच कुटुंबं त्यात आली, पांढरं रेशनकार्ड असलेलीसुद्धा, आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता वेगळं वय वंदना कार्ड मिळतं.

चांगलं आहे, वाईट काहीच नाही. पण कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचा उपचार, डायलिसिस यांचा त्यात समावेश आहे. तुमची रोजची बीपीची गोळी, तापाचा पहिला दिवस, शंभर रुपयांची तपासणी यासाठी कार्ड पुढे केलंत तर काउंटरवरची मुलगी हसेल. आणि घरातला पैसा तर तिथेच गळतो, थेंब थेंब. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०१३-१४ ला तो ६४.२ टक्के होता, म्हणजे उतरलाय हे खरं. तरीही शंभरातले चाळीस.

म्हणून कार्डाला छत्री समजा. जोराचा पाऊस आला की लागते, पण गळकं छप्पर तिने दुरुस्त होत नाही. छप्पर म्हणजे तुमच्या गल्लीतला दवाखाना.

योजनेच्या रुग्णालयात गेल्यावर आधी काय करायचं?

आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. प्रत्येक संलग्न रुग्णालयात तो बसतो, बहुधा दाराजवळच. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा आणि डिपॉझिट भरण्याआधी त्याच्याशी बोला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

माझ्या सख्ख्या नणंदेच्या वेळी आम्ही तिथेच फसलो. रात्री अकरा वाजले होते, टेबलावर कुणी नाही, काउंटरवर म्हणाले आधी तीस हजार भरा, सकाळी बघू. घाबरून भरले. सकाळी म्हणे, आता रोखीचा पेशंट म्हणून नोंद झालीय. मी स्वतः या क्षेत्रातली, तरी त्या वेळी डोकं चाललं नाही. तेव्हा १५५३८८ हा महात्मा फुले योजनेचा क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा. १८०० २३३ २२०० हाही चालतो. आयुष्मानसाठी १४५५५.

महापालिकेच्या दवाखान्यात नेमकं मिळतं काय? नुसत्या गोळ्याच ना?

असं म्हणणारे बहुतेक दहा वर्षांत आत गेलेले नसतात. गरोदरपणाची तपासणी, मुलांच्या सगळ्या लसी, बीपी, शुगर, रक्त-थुंकीच्या तपासण्या, क्षयाची औषधं, कुत्रा चावल्यावरची लस हे सगळं तिथे किंवा तिथून होतं. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाचं गणित साधारण पन्नास हजार लोकवस्तीला एक केंद्र असं आहे. त्याच्या वर नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं. ठाण्यात कळवा हॉस्पिटल पालिकेचं आणि सिव्हिल राज्य सरकारचं. सिव्हिलसारख्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. पालिकांच्या रुग्णालयांचे नियम त्यांचे वेगळे असतात, हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि मग खिडकीवर भांडण होतं.

माझी तक्रार औषधांबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. ओपीडी सकाळची. त्या वेळी तुर्भ्यातला, महापेतला कामगार मशीनवर असतो आणि घरकाम करणारी ताई चौथ्या घरात भांडी घासत असते. ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी आणि रात्रीही उघडा असतो, मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. जुन्या केंद्रांनीही संध्याकाळची एक फेरी धरली, तर दिघ्याच्या त्या मुलासारखे कितीतरी जण पहिल्याच दिवशी दिसतील.

मी सोसायटीतल्या खाजगी डॉक्टरकडेच जातो. मग माझा ताप पालिकेला कसा कळणार?

डॉक्टरांनी कळवला तर. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्याची भाषा तीन अक्षरांची. आम्ही घरोघरी फिरून लक्षणांवरून भरायचो तो एस फॉर्म, डॉक्टर तपासून भरतात तो पी, प्रयोगशाळेने पक्कं केलं की एल. पूर्वी आठवड्याचा कागद सोमवारी पळत नेऊन द्यायचो, २०२१ पासून मोबाइलवर आणि संगणकावर भरला जातो.

सरकारी केंद्र भरतं. मोठी रुग्णालयंही बऱ्यापैकी भरतात. कोपऱ्यावरचा एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर, ज्याच्याकडे संध्याकाळी साठ पेशंट आणि मदतीला एक कंपाउंडर, तो राहून जातो. त्याला दोष देऊन काही होत नाही. मी त्याच्याच पोऱ्याकडून तापाच्या पेशंटची संख्या मागून आणायची, तेवढ्यावर दोन वर्षं चांगलं चाललं.

क्षयाचं मात्र वेगळं आहे. मे २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही प्रत्येक क्षयरुग्ण कळवणं बंधनकारक आहे. त्यात रुग्णाचा फायदाच होतो: औषध फुकट, आणि पोषणासाठी खात्यात महिन्याला पैसे, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. नाव कळलं की लोक काय म्हणतील, ही भीती मी समजू शकते. पण नाव कॉलनीत फिरत नाही, क्षयरोग कार्यालयात जातं.

ताप आला तर रजा घ्यावी, हे ठीक. पण पगार कोण देणार?

हा प्रश्न एका शिबिरात मागच्या रांगेतून आला आणि माझ्या मते सगळ्या पानातला हाच सर्वांत हुशार प्रश्न आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणाऱ्या, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कामगार विमा योजना (ईएसआय) लागू होते, आस्थापना त्या कायद्याखाली येत असेल तर. कंत्राटी असला तरी. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात उपचार तर आहेतच, पण आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि डॉक्टरचा दाखला लागतो. वाशीत आणि वागळे इस्टेटला कामगार विमा रुग्णालयं आहेत.

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय असं दिसतं का ते बघा. कापलेलं दिसतंय पण विमा क्रमांक कुणी दिला नाही, तर ठेकेदाराला विचारा, दोघा-चौघांनी मिळून विचारा. नाक्यावर उभा राहणारा मजूर, घरकामगार, फेरीवाला यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी ताप म्हणजे अजूनही खाडा. आजारी माणूस कामावर येऊन चार जणांना आजारी करतो तेव्हा आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. त्याच्या जागी मीही गेले असते.

कोविडमध्ये आपण काय शिकलो?

खाटा आठवड्यांत उभ्या करता येतात, हे शिकलो. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर, ठाण्यात बाळकुमचं ग्लोबल हब, बघता बघता तिथे ऑक्सिजनच्या पाइपा आल्या. माणसं तशी उभी करता येत नाहीत, हेही कळलं. माझ्या केंद्रातल्या सिस्टर तिकडे गेल्या आणि इथलं लसीकरण, बीपीची तपासणी, गरोदर बायांच्या भेटी लंगड्या झाल्या.

मे २०२० मध्ये वाशीचं एपीएमसी मार्केट काही दिवस बंद ठेवावं लागलं होतं. मुंबईचा कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला तिथून जातो. आत माथाडी, ड्रायव्हर, व्यापारी, चहावाले एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. तिथला एक खोकला किती दूर जातो ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आणि एक आकडा, जो टीव्हीवर फारसा आला नाही. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. क्षय काही कमी झाला नव्हता. शोधणारी माणसं दुसऱ्या कामावर होती, आणि रुग्ण घरात होते. एका साथीशी लढताना रोजची सेवा बंद केली की दुसरी साथ मागच्या दाराने येते.

आमच्या बाळाला सगळ्या लसी दिल्यात. शेजारच्या वस्तीतल्या मुलांचा आम्हाला काय त्रास?

गोवर फार झपाट्याने पसरतो. तो थांबायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात, नऊ महिने पुरे झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला साथ आली, आपल्याच जिल्ह्यातल्या भिवंडीपर्यंत पोचली. कोविडच्या दोन वर्षांत ज्यांचे डोस राहिले ती मुलं तेव्हा सापडली. तुमचं बाळ आठ महिन्यांचं असेल तर त्याला अजून लस मिळालेलीच नाही, त्याचं संरक्षण सर्वस्वी शेजारच्या मुलांवर आहे. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या नातवाचं कार्ड एकदा बघा, एवढंच सुचवते.

आरोग्यसंवर्धन म्हणजे चाला, मीठ कमी खा, हेच ना? ते तर व्हॉट्सॲपवर रोज येतं.

मीठ कमी खाच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड-फरसाण सगळं आलं. पण तुमचा राग मला कळतो. ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारायला किंवा नवी मुंबईच्या पामबीच रस्त्याला सकाळी धावायला ज्याला जमतं त्याला उपदेश सोपा. कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीतल्या बाईला सांगा चाल म्हणून, ती विचारेल फुटपाथवर गाड्या आहेत, चालू कुठे?

ओटावाच्या सनदेत पाच कामं सांगितलीत आणि वैयक्तिक सवय त्यातलं फक्त एक. बाकी धोरण, परिसर, लोकांची एकजूट आणि दवाखान्याची बदललेली दिशा. महाराष्ट्रात २०१२ ला गुटख्यावर बंदी आली, जानेवारी २०२२ पासून देशात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. अशा एका नियमाने जे होतं ते माझ्या शंभर भाषणांनी झालं नसतं. (बंदी असूनही गुटखा मिळतो, ते मला सांगू नका, मला दुकानं माहीत आहेत.)

नवी मुंबईचं एक उदाहरण अभिमानाने देते. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरकडे. हे मी आरोग्याच्या खात्यावर मांडते. पाणी भरपूर असूनही काही वस्त्यांत ते ठरावीक वेळेलाच येतं आणि लोक ड्रम भरून ठेवतात, हेही मी त्याच खात्यावर मांडते.

बीपी आणि शुगरचं मात्र या पानावर असण्याला आणखी एक कारण आहे. कोविडमध्ये जास्त कुणाला जड गेलं? ज्यांची शुगर माहीत नव्हती किंवा माहीत असून हाताबाहेर होती त्यांना. तिशीनंतर वर्षातून एकदा केंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्या; तोंडाची तपासणी आणि बायकांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही, केंद्रात सांगतील तेव्हा करून घ्या. पुढच्या साथीची तयारी म्हणून मी याहून स्वस्त काही बघितलेलं नाही.

उन्हाळ्याचं यात काय? ऊन तर नेहमीच असतं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. लोक तासन् तास उन्हात बसले होते आणि उष्माघाताने १४ जणांचे मृत्यू झाले. पारा काही विदर्भासारखा पंचेचाळीसला नव्हता. कोकणपट्टीत हवेत ओल असते, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून इथे कमी तापमानातही माणूस कोसळतो. अशा वेळी सावली, पाणी, कार्यक्रमाची वेळ आणि जवळ तयार असलेली रुग्णवाहिका यांपैकी एक जरी चुकलं तरी बाकीचं तोकडं पडतं.

कुणी कोसळलं, बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं तर आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि १०८.

पावसात गुडघाभर पाण्यातून घरी आलो. काही घ्यावं लागेल का?

लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी विचारताय ना? उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून तो जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आपल्यात. ७२ तासांच्या आत केंद्रात जा, किती भिजलात आणि पायाला जखम होती का ते सांगा. डॉक्टर त्यावरून गोळी ठरवतात. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वेगळं औषध असतं, म्हणून शेजाऱ्याची स्ट्रिप घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे वाक्य डॉक्टरला आवर्जून सांगा. ते कळलं की त्यांचं अर्धं निदान होतं.

डेंगूच्या तापात लगेच दवाखान्यात भरती व्हावं का?

बहुतेकांना नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. लक्ष ठेवायचं ते ताप उतरतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. आता बरा झाला म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती सुरू झाली तर क्षणभर थांबू नका. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याने घाबरून रक्तपेढ्या पालथ्या घालू नका.

आम्ही कर भरतो. मग पैसा जातो कुठे?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के व्हावा. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि ते कोविडचं वर्ष. यावर भाषण नको. पालिकेचं अंदाजपत्रक मार्चच्या आसपास येतं तेव्हा आरोग्याच्या पानावर नव्या इमारतींना किती आणि कर्मचाऱ्यांना किती, एवढं बघा. इमारतीचं उद्घाटन होतं. भरतीचं होत नाही.

सोसायटीने काय करावं? आम्ही दर शनिवारी धूरफवारणी मागवतो.

धुराने उडते डास मरतात, दोन दिवस बरं वाटतं. पाण्यातल्या अळ्यांना त्याची खबरही नसते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी साठवण रिकामी करून घासून कोरडी करायची. गच्चीवरच्या टाकीचं झाकण, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा. एक जागा सगळे विसरतात: वॉचमनच्या खोलीमागची बादली. त्याला नळ नसतो, तो पाणी साठवतो. सोसायटीने त्याला एक नळ द्यावा, हजार-दोन हजारांचं काम आहे.

पाण्याच्या टाकीत क्लोरीन आहे का ते बघायला आमच्याकडे ओटी टेस्ट असते. छोट्या नळीत पाणी, दोन थेंब औषध, पिवळं झालं की क्लोरीन आहे. केंद्रात सांगितलंत तर कुणीतरी येऊन करून दाखवेल. मुलांना फार आवडते.

घरात डास तपासायला माणूस आला. दार उघडावं का?

ओळखपत्र बघा आणि उघडा. तो दुपारच्या उन्हात दिवसभर जिने चढतो, आणि बऱ्याच ठिकाणी ‘घरी कुणी नाही’ असं त्याला घरातूनच सांगितलं जातं. त्याला बाल्कनी आणि फ्रिजची मागची बाजू दाखवा. घरात कुणाला आठवड्यात ताप आला असेल तर तेही सांगा, त्याने विचारलं नाही तरी. त्याच्या वहीत तापाचा वेगळा रकाना असतो.